गोदावरी, पण कोणती? एकाच नावाच्या युद्धनौका वेगळ्या ओळखण्याची पद्धत

नाशिकमध्ये 'गोदावरी' म्हटल्यावर 'कुठली?' असे कोणी विचारत नाही. नौदलाच्या बाबतीत मात्र हाच प्रश्न आधी विचारावा लागतो. गोदावरी नावाच्या युद्धनौका तीन झाल्या. १९४३ साली दाखल झालेली स्लूप (ताफ्याच्या संरक्षणासाठीची छोटी युद्धनौका) ही पहिली, १९५३ साली ब्रिटनकडून आलेली विनाशिका ही दुसरी आणि मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधून १९८३ साली दाखल झालेली फ्रिगेट (मध्यम आकाराची युद्धनौका) ही तिसरी. शाळेच्या प्रदर्शनातला तक्ता असो, नौदलातून निवृत्त झालेल्या आजोबांच्या ट्रंकेतला फोटो असो की रद्दीत सापडलेले कात्रण, त्याखाली बहुतेक वेळा माहिती चिकटवलेली असते ती तिसरीची. इंटरनेटवर नाव टाकले की सर्वांत अलीकडची नौका आधी समोर येते आणि शोध तिथेच थांबतो.

नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची रीत आपल्याकडे आहे, तशीच ती नौदलातही आहे. जुनी नौका निवृत्त झाली की नाव मोकळे होते, आणि तिची कीर्ती पुढे चालावी म्हणून ते नव्या नौकेला दिले जाते. कित्येकदा बोधचिन्ह आणि ब्रीदवाक्यही तेच राहते. विक्रांतचे 'जयेम सं युधि स्पृधः' जुन्या नौकेवर होते, नव्या नौकेवरही आहे. म्हणजे नाव, चिन्ह आणि ब्रीद या तिन्हींवरून नौका ठरत नाही. सातबाऱ्यावर एकाच नावाचे दोन खातेदार असतील तर आपण गट नंबर बघतो. इथे नाव, क्रमांक आणि दाखल झाल्याचे वर्ष या तीन गोष्टी एकत्र बघायच्या.

साहित्य फार लागत नाही. एक वही, भिंग, मिलिमीटरची पट्टी आणि फोटो असेल तर त्याचे ६०० डीपीआयचे स्कॅन. मोबाइलने काढलेला फोटोचा फोटो चालत नाही, कारण काठावरचा ध्वज आणि बाजूवरचा क्रमांक नेमके तिथेच धूसर होतात.

पहिली पायरी: लिहिले आहे ते तसेच उतरवा

फोटोमागे, पत्रावर किंवा सेवापुस्तिकेत जे लिहिले असेल ते स्पेलिंगसकट, चुकीसकट वहीत उतरवायचे. 'बरोबर' करण्याचा मोह इथे टाळायचा. चूक वाटणारे स्पेलिंग हाच अनेकदा काळाचा पुरावा असतो.

सर्वांत आधी नावाआधीची अक्षरे पाहा. 'एचएमआयएस' (हिज मॅजेस्टीज इंडियन शिप) असेल तर काळ १९३४ ते २५ जानेवारी १९५० यांच्या मधला. रॉयल इंडियन नेव्ही ही १९३४ सालची आणि २६ जानेवारी १९५० रोजी भारत प्रजासत्ताक झाल्यावर त्याच नौका 'आयएनएस' झाल्या. 'आरआयएमएस' दिसले तर आणखी मागे जायचे, ती रॉयल इंडियन मरीनच्या काळातली. हिंदी कागदांत 'भा नौ पो' असे लिहिलेले सापडते. ते 'भारतीय नौसेना पोत' याचे लघुरूप, म्हणजेच आयएनएस.

इथे दोन बाजूंनी फसगत होते. अक्षरे बदलली म्हणजे नौका बदलली असे नाही. १९४८ साली आलेली एचएमआयएस दिल्ली आणि १९५० नंतरची आयएनएस दिल्ली हे एकच जहाज आहे. उलट बाजूने, आयएनएस गोदावरी असे दोनदा लिहिलेले असले तरी ती १९५३ आणि १९८३ अशी दोन जहाजे असू शकतात.

मग स्पेलिंग. इंग्रज आमदानीत कृष्णा नदीची नौका 'किस्तना' होती, कावेरीची 'कॉव्हेरी', यमुनेची 'जमना', नर्मदेची 'नरबदा'. स्वातंत्र्यानंतर यांतली काही नावे सुधारली गेली, म्हणून एकाच नौकेच्या दोन नोंदी दोन स्पेलिंगांखाली सापडतात. संगणकावर शोधताना दोन्ही रूपे टाकावी लागतात. बॉम्बेचेही तसेच. १९४२ची एचएमआयएस बॉम्बे ही सुरुंग काढणारी छोटी नौका होती, तर २००१ची आयएनएस मुंबई ही दिल्ली वर्गातली क्षेपणास्त्रधारी विनाशिका. शहर एक असल्याने दोन्ही एका वंशावळीत घालायच्या की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे, पण ठरवले ते तक्त्याखाली लिहावे.

दुसरी पायरी: ती नौका आहे ना, हे तपासा

ही पायरी सगळे गाळतात. नौदलाच्या किनाऱ्यावरच्या तळांना आणि प्रशिक्षण केंद्रांनाही 'आयएनएस' लागते. लोणावळ्याची शिवाजी, मालाडची हमला, मुंबईतली आंग्रे, कोचीची गरुडा, गोव्याची हंसा, जामनगरची वालसुरा, यांपैकी एकही पाण्यात तरंगत नाही. आजोबांच्या कागदावर 'आयएनएस शिवाजी, दोन वर्षे' असे असेल तर ते दोन वर्षे लोणावळ्याच्या पावसात अभियांत्रिकी शिकत होते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण तलवार. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी नाविकांचे बंड सुरू झाले ते एचएमआयएस तलवारवर. ही तलवार म्हणजे मुंबईतली संदेशवहनाची शाळा, इमारती आणि बराकी. नंतर १९५९ साली ब्रिटनमध्ये बांधलेली आयएनएस तलवार ही फ्रिगेट आली, एफ १४० क्रमांकाची. तिसरी २००३ साली रशियातून आलेली, एफ ४०. बंडाच्या लेखासोबत रशियन बनावटीच्या फ्रिगेटचे रंगीत चित्र छापलेले पाहिले की ही पायरी का हवी ते कळते.

सेवापुस्तिका वाचताना आणखी एक ध्यानात ठेवायचे. खलाशी जहाजावर नसतानाच्या काळात त्याची नोंद कुठल्या ना कुठल्या तळाच्या पटावर असते. म्हणून यादीतली प्रत्येक ओळ 'नौका' किंवा 'तळ' असे चिन्ह करून आधी वेगळी करायची आणि मगच पुढे जायचे. पुस्तिका गहाळ असेल तर नाशिकच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून अर्जाची दिशा मिळते. खलाशांच्या नोंदी मुंबईत मानखुर्दच्या ब्युरो ऑफ सेलर्सकडे असतात. अधिकाऱ्यांचा मार्ग वेगळा असतो, त्यामुळे अर्जात हुद्दा पहिल्या ओळीत लिहावा.

तिसरी पायरी: कुठली तारीख?

जहाजाला चार तारखा असतात: कणा (तळाचा मुख्य आधार) ठेवल्याची, जलावतरणाची, नौदलात दाखल झाल्याची आणि निवृत्तीची. वर्तमानपत्रे चारही बातम्या 'नवी युद्धनौका' या एकाच सुरात देतात. जुन्या विक्रांतचा कणा १९४३ साली ठेवला गेला तो ब्रिटिश नौदलाच्या हर्क्युलिससाठी. जलावतरण १९४५ साली झाले, महायुद्ध संपल्यावर काम थांबले, १९५७ साली भारताने ती विकत घेतली आणि ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्टला ती विक्रांत म्हणून दाखल झाली. तिचे वय कुठून मोजणार? नव्या विक्रांतचा कणा २००९चा, जलावतरण २०१३चे आणि दाखल झाल्याची तारीख २ सप्टेंबर २०२२. हे सगळे कोचीन शिपयार्डमध्ये झाले.

तक्त्यात मुख्य वर्ष नेहमी दाखल झाल्याचे धरायचे. नौका 'आयएनएस' होते ती त्या दिवशी. त्याआधी ती कारखान्यातले जहाज असते.

नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमुळे आपल्याकडे टपाल तिकिटे जमवणाऱ्यांना तोटा नाही, आणि तिकिटांमुळे होणारा घोटाळाही नेहमीचा आहे. डिसेंबर १९६८च्या नौदल दिनाच्या वीस पैशांच्या तिकिटावर निलगिरी आहे. त्यावरून अनेक जण निलगिरीचे वर्ष १९६८ लिहितात. पण ऑक्टोबर १९६८मध्ये तिचे फक्त जलावतरण झाले होते. ती दाखल झाली ३ जून १९७२ रोजी आणि ३१ मे १९९६ रोजी निवृत्त झाली. १५ जानेवारी २०२५ रोजी मुंबईत दाखल झालेली निलगिरी वेगळी. तिकिटावरची तारीख ही तिकिटाची तारीख, एवढेच.

जुने अंक जपणाऱ्या वाचनालयात शोध घ्यायचा असेल तर दाखल झाल्याच्या दिवसानंतरचे दोन दिवस मागायचे. तिसरी गोदावरी १० डिसेंबर १९८३ रोजी दाखल झाली, म्हणजे ११ आणि १२ डिसेंबरचे अंक. नुसता 'डिसेंबर ८३' मागितला तर ४ डिसेंबरच्या नौदल दिनाच्या पुरवण्यांतच दिवस जातो.

चौथी पायरी: क्रमांक, आणि त्यातले सापळे

बाजूवर रंगवलेल्या अक्षर-अंकाला पेनंट नंबर म्हणतात. अक्षर साधारणपणे प्रकार सांगते: डी विनाशिका, एफ फ्रिगेट, सी क्रूझर (तोफांची मोठी युद्धनौका), एस पाणबुडी, आर विमानवाहू, यू जुनी स्लूप, पी कॉर्व्हेट (फ्रिगेटहून छोटी युद्धनौका). गोदावरीच्या तिघी इथे स्वच्छ सुटतात: यू ५२, डी ९२ आणि एफ २०. दिल्लीही सुटते: क्रूझर सी ७४, विनाशिका डी ६१.

इथवर सोपे आहे. पण नौदल नावाबरोबर अंकही वारशाने देते, आणि तिथून डोकेदुखी सुरू होते.

म्हैसूर क्रूझर सी ६० होती, तर १९९९ची विनाशिका डी ६०. फोटोत अक्षर पुसट असेल तर नुसत्या ६०वरून काहीच कळत नाही. १९७१च्या युद्धात बुडालेली खुकरी एफ १४९ होती, १९८९ची खुकरी पी ४९. कृपाण एफ १४४ आणि नंतर पी ४४, कुठार एफ १४६ आणि नंतर पी ४६. त्रिशूळ एफ १४३ आणि नंतर एफ ४३. शेवटचे दोन अंक मुद्दाम राखलेले आहेत. म्हणून इथला नियम असा की आकडे किती आहेत ते आधी मोजायचे. तीन आकडे असतील तर या घराण्यांत नौका जुनी.

निलगिरी वर्गात हाही आधार राहत नाही. जुनी निलगिरी एफ ३३, नवीही एफ ३३. हिमगिरी दोन्ही वेळा एफ ३४, उदयगिरी दोन्ही वेळा एफ ३५. विक्रांत तर दोन्ही वेळा आर ११. अशा वेळी क्रमांकाकडे वेळ न घालवता सरळ पाचव्या पायरीला जायचे.

सर्वांत खोडसाळ प्रकार पाणबुड्यांचा. १९६७ साली आलेली पहिली कलवरी एस २३ होती, खांदेरी एस २२ आणि करंज एस २१. आताच्या माझगाव डॉकच्या पाणबुड्यांत कलवरी एस २१, खांदेरी एस २२ आणि करंज एस २३. म्हणजे खांदेरी जागच्या जागी आणि कलवरी-करंज यांची अदलाबदल! जुन्या यादीतला क्रमांक नव्या नावाला लावला की नेमकी दुसरीच पाणबुडी हाती येते.

क्रमांकाचा क्रम हा दाखल होण्याचा क्रमही नव्हे. गोमती एफ २१ आणि गंगा एफ २२, पण गंगा १९८५च्या अखेरीस आली आणि गोमती एप्रिल १९८८मध्ये. तक्ता क्रमांकाने लावला तर वर्षे उलटीपालटी दिसतात. म्हणून तो वर्षाने लावायचा.

पाचवी पायरी: फोटो वाचणे

आधी ध्वज शोधा, बहुधा तो मागच्या टोकाला असतो. १९५०पूर्वी भारतातल्या नौकांवर ब्रिटिशांचा पांढरा ध्वज असे, कोपऱ्यात युनियन जॅक. १९५०पासून पांढऱ्यावर लाल क्रूस आणि कोपऱ्यात तिरंगा. कृष्णधवल फोटोत रंग दिसत नाहीत, पण कोपऱ्यात फुलीसारख्या तिरप्या रेषा आहेत की तीन आडवे पट्टे, हे भिंगातून कळते. १५ ऑगस्ट २००१ ते एप्रिल २००४ या काळात क्रूस नव्हता, निळे नौदल चिन्ह होते. २००४ला क्रूस परत आला, मध्यभागी राजमुद्रा घेऊन. २ सप्टेंबर २०२२पासून क्रूस कायमचा गेला आणि शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेला निळा अष्टकोन आला. नव्या विक्रांतवर ध्वज चढला तो हाच.

त्यानंतर तोफा मोजा. पहिल्या दोन गोदावरींमध्ये गोंधळ होतो तो याच जागी, कारण दोन्हींवर चार इंची तोफांच्या तीन-तीन जोड्या होत्या. एकूण मोजून उपयोग नाही, जागा पाहायची. १९४३ची गोदावरी ब्लॅक स्वान वर्गातली. तिच्या पुढच्या बाजूला एकामागे एक चढत्या अशा दोन जोड्या आणि मागे एक. १९५३ची हंट वर्गातली, तिच्या पुढे एकच जोडी आणि मागे दोन. नियम लक्षात ठेवायला सोपा: पुढे दोन तर स्लूप, पुढे एक तर विनाशिका. लांबीवर विसंबू नका. पहिली सुमारे ९१ मीटर आणि दुसरी सुमारे ८५. तिरप्या कोनातून काढलेल्या फोटोत हा फरक पार नाहीसा होतो.

तिसरी गोदावरी लांबूनही ओळखू येते. मागचा मोठा भाग हेलिकॉप्टरच्या हँगरने आणि उड्डाणपट्टीने व्यापलेला, कारण ती दोन सी किंग घेऊन फिरायची. पुढे तोफेमागे, पुलाच्या (जहाज चालवण्याच्या कक्षाच्या) दोन्ही अंगांना क्षेपणास्त्रांच्या जाड नळकांड्या, दोन डावीकडे आणि दोन उजवीकडे. हँगर दिसला की पहिल्या दोघींचा विषय संपला.

विक्रांतसाठी वेगळी कसोटी लागते. 'पुढचे टोक वर वळलेले म्हणजे नवी' असे सरसकट सांगितले जाते, ते चूक आहे. जुन्या विक्रांतवरही सी हॅरियर विमानांसाठी १९८०च्या दशकात तशी चढण बसवली गेली. म्हणून सपाट टोक असेल तर नक्की जुनी आणि तीही त्या बदलाआधीची. वर वळलेले असेल तर डेकवरचा मनोरा पाहा. जुन्या विक्रांतचा मनोरा लहान आणि त्यावर जाळीदार डोलकाठी. नव्या विक्रांतचा मनोरा मोठा, भिंतींना चपट्या रडार-पाट्या बसवलेला. विमाने दिसत असतील तर आणखी सोपे: सी हॉक, अलिझे किंवा सी हॅरियर असतील तर जुनी, मिग २९ के असेल तर नवी. शाळेच्या सहलीत 'विक्रांतवर काढलेला' मुंबईचा २०१२पूर्वीचा फोटो अर्थातच जुन्या विक्रांतवरचा. ती १९९७ साली निवृत्त होऊन संग्रहालय म्हणून उभी होती आणि २०१४ साली मोडीत निघाली.

आकाराबद्दलचा एक समज इथेच खोडून टाकावा. नवी नौका जुनीपेक्षा मोठी असतेच असे नाही. क्रूझर दिल्ली सुमारे १६९ मीटर लांब होती आणि आजची दिल्ली १६३ मीटर. बुडालेली खुकरी साडेचौऱ्याण्णव मीटरच्या आसपास, तर तिचे नाव घेतलेली ९१ मीटर. तोफांची जागा क्षेपणास्त्रांनी घेतली की मारा वाढवायला लांबी वाढवावी लागत नाही.

१९७१ची नावे

महाराष्ट्रात सर्वाधिक चुका या एका वर्षाभोवती होतात, म्हणून थोडे थांबू.

४ डिसेंबर १९७१ला कराचीवर हल्ला करणाऱ्या निपात, निर्घात आणि वीर या सोव्हिएत बनावटीच्या छोट्या क्षेपणास्त्र नौका होत्या, जेमतेम ३९ मीटर लांबीच्या. याच नावांच्या ५६ मीटर लांबीच्या नौका १९८७पासून पुन्हा आल्या. नौदल दिनाच्या फलकांवर बहुधा या दुसऱ्यांचेच चित्र असते. ओळखायची खूण एक: पुढच्या बाजूला ७६ मिलिमीटरची मोठी घुमटाकार तोफ असेल तर ती नंतरची. १९७१च्या नौकांवर पुढे-मागे ३० मिलिमीटरच्या बारीक तोफा होत्या.

पाकिस्तानची पाणबुडी गाझी बुडाल्याच्या प्रसंगात नाव येते ती राजपूत म्हणजे डी १४१, मूळची ब्रिटिश रॉदरहॅम, १९४९ला भारतात आलेली. डी ५१ राजपूत १९८०ची. ती त्या युद्धात असणे शक्यच नव्हते. गाझीचेही तेच आहे. १९७१ला बुडालेली गाझी मूळची अमेरिकी डायब्लो. पाकिस्तानने पुढे पोर्तुगालकडून घेतलेल्या पाणबुडीलाही गाझी हेच नाव दिले, त्यामुळे '१९७५ नंतरची गाझी' हे वाक्य चुकीचे वाटले तरी बरोबर असते.

९ डिसेंबर १९७१ला पाकिस्तानच्या हँगोर या पाणबुडीने दीवजवळ खुकरी बुडवली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले. दीवला त्यांचे स्मारक आहे. त्याच दीवमध्ये आता १९८९ची, डिसेंबर २०२१ला निवृत्त झालेली खुकरी संग्रहालय म्हणून ठेवलेली आहे. तिथून फोटो काढून आणणारे लोक 'हीच ती' असे लिहितात. बुडालेली खुकरी समुद्रतळाशीच आहे. फोटोखाली 'पी ४९, संग्रहालय' एवढे लिहिले की गैरसमज होत नाही.

सहावी पायरी: नाव सोडा, जहाज धरा

एका नावाखाली अनेक जहाजे असतात, तशी एका जहाजाला अनेक नावे असतात. तक्त्यात हा दुसरा धागा नसेल तर तो अर्धाच.

१९५३ची गोदावरी ब्रिटिश नौदलाची बेडेल होती. मधल्या १९४२ ते १९४६ या काळात ती पोलंडच्या नौदलात श्लोंझाक नावाने लढली. मग पुन्हा बेडेल झाली आणि त्यानंतर गोदावरी. तिच्याबरोबर लॅमर्टन आली ती गोमती झाली आणि चिडिंगफोल्ड झाली गंगा. म्हणजे गोदावरी-गोमती-गंगा हे त्रिकूट दोनदा आले आहे, एकदा पन्नासच्या आणि एकदा ऐंशीच्या दशकात. नुसते तिघींचे नाव असलेले कात्रण हाती आले तर वर्ष पाहिल्याशिवाय एक ओळही लिहू नये.

पहिल्या गोदावरीचा प्रवास उलट दिशेचा. फाळणीत ती पाकिस्तानच्या वाट्याला गेली आणि 'सिंद' झाली. नरबदाही गेली आणि 'झेलम' झाली. भारताला गोदावरी हे नाव १९५३ला पुन्हा वापरता आले ते यामुळेच. क्रूझर दिल्ली त्याआधी न्यूझीलंडच्या सेवेत अकिलीझ नावाने होती आणि दुसऱ्या महायुद्धातल्या, डिसेंबर १९३९च्या रिव्हर प्लेटच्या लढाईत होती. म्हैसूर म्हणजे पूर्वाश्रमीची नायजेरिया. जुन्या कृपाण आणि कुठार नौदलातून तटरक्षक दलाकडे गेल्या, ते दल उभे राहत असताना. नव्या कृपाणची गोष्ट आणखी पुढे गेली: २०२३ला ती व्हिएतनामला भेट दिली गेली.

वहीत यासाठी दोन पाने समोरासमोर करायची. डाव्या पानावर 'नावाची वंशावळ', म्हणजे एका नावाखाली आलेली सर्व जहाजे. उजव्या पानावर 'जहाजाची वंशावळ', म्हणजे एकाच सांगाड्याला मिळालेली सर्व नावे. प्रत्येक तथ्य कुठल्या पानाचे ते आधी ठरवायचे. रिव्हर प्लेटची लढाई उजव्या पानावर जाते, ती डी ६१ दिल्लीच्या वाट्याला येत नाही.

सातवी पायरी: लेबल आणि तक्ता

लेबल असे लिहावे: गोदावरी, एफ २०, १९८३. त्यात 'पहिली', 'दुसरी', 'नवी', 'जुनी' हे शब्द नकोत. एचएमआयएस मोजणाऱ्याला १९८३ची गोदावरी तिसरी असते, फक्त आयएनएस मोजणाऱ्याला दुसरी. 'नवी खुकरी' आता स्वतःच निवृत्त आहे. वर्षाला असले वांधे नसतात.

तक्त्याचे रकाने: नाव जसे लिहिलेले, क्रमांक, प्रकार, बांधणीचे ठिकाण, चार तारखा, आधीचे नाव, नंतरचे नाव, शेवट कसा झाला. शेवटचा रकाना महत्त्वाचा, कारण मोडीत, बुडाली, हस्तांतरित आणि संग्रहालय हे चार वेगळे शेवट आहेत. एखादा रकाना भरता आला नाही तर कोरा ठेवा. अंदाजाने टाकलेली तारीख पुढच्या माणसाच्या तक्त्यात खरी होऊन बसते.

प्रदर्शनासाठी लांब्यांची तुलना दाखवायची असेल तर १:७००चे प्रमाण सोयीचे पडते. मीटरमधल्या लांबीला ७ने भागले की सेंटिमीटर मिळतात. गोदावरी (१९४३) १३ सेंटिमीटर, गोदावरी (१९५३) १२.२ आणि गोदावरी (१९८३), जी १२६.४ मीटर लांब होती, १८.१ सेंटिमीटर. जुन्या विक्रांतची २१३.४ मीटर लांबी ३०.५ सेंटिमीटर होते आणि नव्या विक्रांतची २६२ मीटर लांबी ३७.४. ए फोर कागद २९.७ सेंटिमीटरचा, त्यामुळे विक्रांत त्यावर मावत नाही. मेन रोडवरून कागद आणतानाच ए थ्री घ्या, नाहीतर एक पट्टी जोडलेली दिसते. सगळ्या पट्ट्यांचे पुढचे टोक एका उभ्या रेषेत लावा. मध्य जुळवून लावल्या तर पहिल्या दोन गोदावरींमधला आठ मिलिमीटरचा फरक डोळ्याला दिसत नाही.

निलगिरी घराण्याचा तक्ता करत असाल तर सात ओळी आखा: निलगिरी, हिमगिरी, उदयगिरी, दुनागिरी, तारागिरी, विंध्यगिरी आणि महेंद्रगिरी. पहिल्या सहा ओळींत दोन-दोन जहाजे येतील. महेंद्रगिरीच्या ओळीत जुन्या जहाजाची जागा रिकामी राहील, कारण तिच्याआधी त्या नावाची फ्रिगेट झालेली नाही.